पांढरा कप करडा का दिसतो?

प्रश्न : खिडकीजवळ पांढऱ्या कापडावर पांढरा कप ठेवून छायाचित्र घेतले, की दोन्ही वस्तू करड्या आणि मळकट दिसतात. तोच कप रात्री दिव्याखाली टिपला, की सगळे चित्र पिवळे होते. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार चित्रातले रंग जुळवणारी सोय) ‘ऑटो’वरच असतो. हे दोष नंतर संगणकावर दुरुस्त करण्याऐवजी कॅमेऱ्यातच टाळता येतील का?

उत्तर : निश्चित टाळता येतील. मात्र या दोन स्वतंत्र अडचणी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे : करडेपणा एक्स्पोजरमुळे (चित्र टिपताना घेतलेल्या उजेडाच्या प्रमाणामुळे) येतो आणि पिवळेपणा व्हाइट बॅलन्समुळे.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवरून परतणारा उजेड मोजतो. ती वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असणार, असे धरून तो एक्स्पोजर ठरवतो, आणि म्हणूनच सगळी चौकट पांढरी असली की उजेड कमी करून तिला करडी करतो, तर काळ्या कापडावरच्या काळ्या वस्तूला उजळून तिलाही करडी करून ठेवतो. तेव्हा दृश्य पांढरे असताना एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मापकाने ठरवलेले एक्स्पोजर कमी-जास्त करण्याची सोय) वाढवायचे असते. ‘इतके उजळ आहे, मग कमीच करायला हवे’ असे वाटून नवशिके नेमके उलटे करतात. तुमच्या कपासाठी +१ पासून सुरुवात करा आणि प्रत्येक वेळी १/३ स्टॉपने (स्टॉप हे एक्स्पोजरचे माप) पुढे जा. पडद्यावरचे चित्र खोलीतल्या उजेडानुसार फसवे दिसते, त्यामुळे हिस्टोग्राम (गडद ते उजळ छटा किती आहेत, हे डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख) पाहावा : आलेखाचा उंचवटा उजवीकडे सरकलेला हवा, पण उजव्या कडेला चिकटलेला नको. अतिउजळ भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना कॅमेऱ्यात असेल, तर ती सुरू करा. कपाच्या काठावरचा चमकणारा ठिपका लुकलुकला तरी चालेल. कापडाच्या चुण्या लुकलुकू लागल्या, तर मात्र १/३ स्टॉप मागे यावे.

हे वाढवणे-घटवणे अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ या तिघांतूनच (म्हणजे अनुक्रमे भिंगातील छिद्र, उजेड आत येण्याचा वेळ आणि कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता यांतूनच) होते. एक स्टॉप वाढवणे म्हणजे एक्स्पोजर दुप्पट करणे, मग ते शटर १/१२५ सेकंदावरून १/६० वर आणून करा किंवा अ‍ॅपर्चर एफ/८ वरून एफ/५.६ वर (आकडा लहान, तर छिद्र मोठे) आणून.

आता पिवळेपणा. दुपारच्या उन्हाचे रंगतापमान (उजेडाचा रंग सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितका उजेड पिवळा) साधारण ५५०० केल्विन असते, सावलीतले ७००० च्या पुढे जाते, आणि घरातल्या पिवळसर दिव्याचे २७०० ते ३००० च्या आसपास असते. ऑटो व्हाइट बॅलन्स इतक्या खालपर्यंत पुरेशी दुरुस्ती करत नाही. शिवाय अनेक कॅमेऱ्यांत दिव्याची ऊब थोडी राहावी, अशीच त्याची रचना असते. त्याच दिव्याखाली कपाच्या जागी ग्रे कार्ड (तटस्थ करड्या रंगाचे कार्ड) धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे त्या कार्डावरून कॅमेऱ्याला रंग जुळवू द्या. कार्डाऐवजी पांढरे कापड वापरण्याचा मोह टाळावा, कारण कापडात शुभ्रता वाढवणारी द्रव्ये बहुधा असतात आणि अतिनील किरण असलेल्या उजेडात त्यांच्यामुळे कापडाला निळसर झाक येते. खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र असतील, तर कोणताही एक आकडा दोघांना लागू पडत नाही. त्या वेळी दिवा बंद करणे हाच खरा उपाय आहे.

रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या चित्रात) व्हाइट बॅलन्स नंतर विनासायास बदलता येतो, पण पूर्ण पांढरा होऊन गेलेला तपशील परत मिळत नाही. म्हणून घाईच्या वेळी आधी एक्स्पोजर सांभाळावे.

एवढे जमले, की आकडे तसेच ठेवून कपाच्या सावलीच्या बाजूला एक पांढरा जाड कागद उभा करा आणि तो हळूहळू जवळ आणा. कपाच्या कानाखालची (मुठीखालची) गडद सावली उजळत जाते आणि कपाचा गोलावा आधी स्पष्ट होतो. कागद फार जवळ आला, की तोच गोलावा सपाट दिसू लागतो. त्याच्या किंचित आधी कागद थांबवा आणि छायाचित्र घ्या.