गुदाशयातली गाठ पोट न उघडता काढली, तर ती पूर्ण निघते का?

तुमच्या आईंना गुदाशयात ३ सेंटिमीटरची गाठ निघाली आहे, डॉक्टर ‘खालूनच दुर्बिणीने काढू’ म्हणतात आणि काम अर्धवट राहील अशी तुम्हाला धास्ती आहे. माझ्या बाबांचं हेच ऑपरेशन वाशीत झालं, म्हणून लिहिते.

पद्धत जुनी आहे. जर्मन सर्जन गेरहार्ड ब्युस यांनी ती १९८०च्या दशकात आणली. ४ सेंटिमीटर रुंदीची नळी गुदद्वारातून घालतात, कार्बन डायऑक्साइडने जागा फुगवतात आणि भोवतीची साधारण सेंटिमीटरभर निरोगी कड धरून गाठ कापतात, बहुतेकदा आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीसकट. हल्ली नळीऐवजी मऊ पोर्ट, म्हणजे साधनं आत घालायचं तोंड, बसवून लॅपरोस्कोपीच्या साधनांनीही करतात, त्याला टॅमिस म्हणतात. पोटावर टाका नाही. बाबा तिसऱ्या दिवशी ठाण्याला घरी आले. थोडं रक्त जाणं, लघवी अडकणं, काही दिवस वारा न रोखता येणं हे होऊ शकतं, आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही.

तुमची धास्ती खरी आहे, फक्त तिची जागा वेगळी. गाठ निघते, पण गुदाशयाभोवतीच्या चरबीतल्या लसिकाग्रंथी, जिथे कॅन्सर पसरलेला असू शकतो, त्या यात निघत नाहीत. म्हणून गाठ साधी असेल किंवा कॅन्सर अगदी वरच्या थरात असेल तरच हे पुरतं. किती खोल गेलीय ते एमआरआय आणि आतून केलेल्या सोनोग्राफीवरून अंदाजाने कळतं, नक्की कळतं ते काढलेल्या गाठीच्या बायोप्सीतच. आधी घेतलेला तुकडा साधा निघाला म्हणून निश्चिंत होऊ नका, तो गाठीच्या एकाच कोपऱ्यातला असतो. त्या रिपोर्टची वाट बघताना बाबा रोज एकच विचारायचे, “पिशवी लागणार का गं?” म्हणजे शौचासाठी पोटावर लावतात ती. रिपोर्ट चांगला आला. तसा आला नसता तर मोठं ऑपरेशन करायचं, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. तुम्हीही हे आत्ताच विचारून घ्या, आईंसमोर.

एक सल मात्र आहे. त्याआधी सात महिने बाबांना मूळव्याधीची मलमं दिली गेली, बोट घालून कुणी तपासलंच नाही. पन्नाशीपुढे शौचातून रक्त गेलं तर तपासणी मागून घ्यावी. आणि तुम्ही भावंडांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, कधी करायची, तेही त्याच डॉक्टरांना विचारा.