वाचकांचे प्रश्न : बाळाच्या डब्यातली साखर आणि कंपनीची जबाबदारी

माझी नणंद जर्मनीत असते. तिथे नेस्लेचं बाळाचं सीरिअल बिनसाखरेचं मिळतं आणि आपल्याकडच्या डब्यावर घटकांत चक्क साखर! हे बेकायदेशीर नाही का? आणि डब्यावरून साखर नेमकी मोजायची कशी? (ठाणे)

बेकायदेशीर नाही. अडचण तीच आहे. एप्रिल 2024 मध्ये स्वित्झर्लंडची पब्लिक आय ही संस्था आणि इब्फान हे बालआहारावर काम करणाऱ्या संस्थांचं जाळं यांनी नेस्लेच्या शिशुआहाराची देशोदेशी तुलना केली. भारतातल्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यामागे सरासरी 2.7 ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर निघाली, थायलंडमध्ये सुमारे 6 ग्रॅम. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये शून्य. कंपनीने उत्तर दिलं की आम्ही स्थानिक नियम पाळतो आणि पाच वर्षांत साखर 30 टक्क्यांपर्यंत कमी केली आहे. नियमांबद्दलचं म्हणणं चुकीचं नाही, कारण आपले एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) नियम साखरेला मर्यादा घालतात, सरसकट मनाई करत नाहीत. पण गंमत अशी की युरोपच्या कायद्यातही अशा सीरिअलमध्ये साखरेला पूर्ण बंदी नाही. म्हणजे तिथली साखर कायद्याने गेली नाही, तिथलं गिऱ्हाईक ती खपवून घेणार नाही म्हणून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतातल्या 21 पैकी 14 प्रकारांत रिफाइन्ड साखर नसेल, असं कंपनीने जाहीर केलं. बिनसाखरेचं बनवता येत नव्हतं, असं म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही.

आता मोजणी. पोषणाच्या तक्त्यात ‘एकूण साखर’ पाहू नका. दूध असलेल्या सीरिअलमध्ये दुधातली नैसर्गिक साखरही त्यात धरलेली असते. ‘अॅडेड शुगर’ची ओळ शोधा. तो आकडा 100 ग्रॅमचा असतो, त्याला एका वेळच्या ग्रॅमने गुणा आणि 100 ने भागा. समजा 100 ग्रॅममागे 10.8 लिहिलंय आणि एका वेळी 25 ग्रॅम सीरिअल लागतं, तर 2.7 ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्ध्याहून जास्त चमचा. दिवसातून तीनदा दिलं तर हिशेब तुम्हीच करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे साखर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर असेल तर डबा परत ठेवा. माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पावडर) दिसलं तरी सावध व्हा. ते फारसं गोड लागत नाही, पण पोटात झटकन ग्लुकोज होतं आणि साखरेच्या आकड्यात सहसा दिसत नाही. मध मात्र ‘नैसर्गिक’ म्हणूनही वर्षाच्या आत देऊ नये, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

घरचं करायचं तर सहा महिन्यांनंतर मोड आणलेल्या नाचणीचं पीठ उत्तम. नाचणी रात्रभर भिजवा, पाणी काढून फडक्यात बांधा, दीड दिवसात बारीक पांढरे मोड येतात. सावलीत वाळवा, चोळून मोड झाडा, मंद आचेवर हलकंच परता, दळा आणि वस्त्रगाळ करा. मोड आणण्याचं कारण असं, की त्या काळात धान्यात तयार होणारं विकर (एन्झाइम) पिष्ट फोडतं. त्यामुळे पेज पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. खमंग व्हावं म्हणून काळपट होईपर्यंत भाजलं तर विकर मरतं, पेज खळीसारखी घट्ट होते, मग घरातलं कुणीतरी त्यात पाणी ओततं आणि बाळाच्या पोटात निम्मंच अन्न जातं.

एखादी अन्नकंपनी सीएसआरवर (सामाजिक जबाबदारीच्या कामांवर) कोट्यवधी खर्च करते, शाळा बांधते, तरी तिच्यावर नैतिकतेची टीका होते. हे अन्यायाचं नाही का? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, नाशिक)

कंपनी कायदा 2013 चं कलम 135 वाचा. निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी एक निकष लागला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कंपनीचा नेहमीचा धंदा किंवा मालाची जाहिरात साधणारं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही. म्हणजे कायदा विचारतो तो नफा कुठे खर्च केला ते. तो नफा कसा मिळवला, हा प्रश्न उरलेल्या 98 टक्क्यांचा आहे आणि टीका तिथेच होते.

याच धंद्याचा इतिहास पाहा. 1970 च्या दशकात काही कंपन्या गरीब देशांतल्या प्रसूतिगृहांत नर्ससारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या पाठवून दूध पावडरीचे नमुने वाटत. डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असे. 1977 मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला आणि 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीची संहिता 118 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केली. विरोधातलं एकमेव मत अमेरिकेचं होतं. या सगळ्यात कंपन्यांनी किती देणग्या दिल्या याला काडीचं महत्त्व नव्हतं.

पुराच्या वेळी आमचं मंडळ दूध पावडरीचे डबे आणि बाटल्या गोळा करतं. यंदा एका विक्रेत्याने मोफत पेट्या देऊ केल्यात. घ्याव्यात का? (सांगली)

नाही. 1992 चा शिशुदुग्धपर्याय कायदा (2003 ची दुरुस्ती धरून) अशी देणगी फक्त अनाथालयाला देऊ देतो. मदतकेंद्रात वाटणं म्हणजे हेतू कितीही चांगला असला तरी कायदा मोडणं.

कारण अगदी व्यवहाराचं आहे. पावडर निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे ती 70 अंशांपेक्षा कमी नसलेल्या पाण्यात कालवावी लागते, म्हणजे पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत. मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करायचं, दोन तासांत संपवायचं, उरलेलं फेकायचं. शाळेच्या वर्गात चाळीस माणसं झोपलेली असताना दिवसातून सात-आठ वेळा हे कोण करणार? डबा पुरवायचा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त घातलं जातं. शिवाय बाळ बाटलीला लागलं की अंगावर कमी ओढतं, आईचं दूध कमी होतं, आणि पाणी ओसरल्यावर तुमच्या पेट्या थांबतात.

त्यापेक्षा आयांसाठी पडदा लावून एक कोपरा करा, त्यांना भरपूर पाणी आणि दोन घास जास्त द्या. ताणामुळे पान्हा चोरला तरी बाळाला वारंवार अंगावर घेतल्याने तो परत येतो, हे सांगायला एखादी अनुभवी आशाताई बसवा. आई नसलेलं बाळ असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डबा विकत आणा आणि गरज असेपर्यंत तो पुरवायची जबाबदारी घ्या. पाजायला बाटली नको, वाटी-चमचा किंवा बोंडलं घ्या. उघडं भांडं असल्यामुळे ते घासून उकळता येतं. बाटलीच्या बुचात जे साचतं ते दिसतच नाही.

माझं मेडिकल दुकान आहे. ‘दोन डब्यांवर वाटी फ्री’ अशी योजना लावायचा आग्रह होतोय. चालेल? (लातूर)

चालणार नाही. वर सांगितलेल्या 1992 च्याच कायद्याने दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या दुधाची आणि आहाराची जाहिरात, नमुना, भेटवस्तू, कूपन सगळं बंद आहे, व्हॉट्सअॅपवरची जाहिरातसुद्धा. डब्यावर बाळाचा किंवा बाईचा फोटो असणंही चालत नाही. तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना सांगायला हरकत नाही की त्यांच्या संघटनेच्या परिषदेला अशा कंपनीने पैसे देणं हाही याच कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम हास्यास्पद आहे, हे मान्य.

तक्रार करायची तर योजनेच्या फलकाचा तारखेसह फोटो, डब्यावरच्या बॅच नंबरचा फोटो आणि बिल ठेवा. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्याची एक प्रत बीपीएनआय या स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या संस्थेलाही पाठवा, कारण या कायद्याखाली न्यायालयात तक्रार दाखल करण्याचा अधिकार सरकारने तिला दिलेला आहे.