गेट म्हणजे दार नाही आणि बार म्हणजे दारू नाही

प्रश्न : मुलगी उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कला शिकते, मे महिन्यात आम्ही दोघं जाऊन आलो. जिकडे तिकडे गल्लीच्या नावात ‘गेट’, पण गेट काही दिसेना! आणि तिच्या वर्गातला थॅकरे आडनावाचा एक गोरा मुलगा म्हणतो आम्ही व्हायकिंगांचे वंशज. थापा मारतोय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दरवाजे आहेत हो, तुम्ही त्यांच्याखालूनच गेला असाल, फक्त तिथे वेशीला ‘बार’ म्हणतात. मिकलगेट बार, बूथम बार वगैरे. ‘गेट’ हा व्हायकिंगांच्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लढवय्यांच्या, भाषेतला ‘गाटा’, म्हणजे रस्ता. इ.स. ७१ च्या सुमारास रोमन सैन्याने तळ ठोकला तेव्हा गावाचं नाव एबोरॅकम, मग अँग्लो-सॅक्सन आले त्यांनी इओफोरविक केलं, ८६६ ला व्हायकिंगांनी जिंकल्यावर योर्विक, आणि तेच बोलता बोलता झिजून यॉर्क. ९५४ ला त्यांचा शेवटचा राजा एरिक ब्लडॅक्स याला हाकललं, पण लोक काय एका दिवसात बोली बदलतात होय? कॉपरगेट ऐकून आपल्याला तांबट आळी आठवते, पण तांब्याचा काही संबंध नाही, ती लाकडी पेले-वाडगे कातणाऱ्यांची आळी. १९७६ पासून तिथे खोदलं तर कातकामातला टाकाऊ लाकूडफाटा खरंच निघाला!

आता तो मुलगा. थापा नाही म्हणणार, पण रक्ताचं काही सांगता येत नाही. व्हायकिंगांच्या बोलीत ‘थॅक’ म्हणजे छपरावर घालायचं गवत आणि ‘रे’ म्हणजे कोपरा, असं यॉर्कशायरमधल्या एका जागेचं नाव होतं, तिथला तो थॅकरे, आपल्या पुणेकर-सातारकरसारखंच. आडनावं पक्की झाली साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात, म्हणजे एरिक जाऊन तीनशे वर्षं उलटल्यावर, त्यामुळे शब्द व्हायकिंगांचा एवढंच खात्रीने म्हणता येतं. (जाता जाता, प्रबोधनकारांनी ठाकरेचं इंग्रजी स्पेलिंग ज्या लेखकावरून घेतलं असं सांगतात, त्या विल्यम मेकपीस थॅकरेचे पूर्वजही यॉर्कशायरमधल्या हॅम्पस्थवेटचेच.)

मला स्वतःला धंद्यावरून आलेली आडनावं जास्त आवडतात. लिस्टर म्हणजे रंगारी. आणि वॉकर म्हणजे फिरायला जाणारा नाही बरं का, लोकरीचं नवं विणलेलं कापड पाण्याच्या कुंडात टाकून पायाने तासन्‌तास तुडवायचं, म्हणजे ते आटून घट्ट होतं, ते काम करणारा तो वॉकर. दक्षिण इंग्लंडात तेच काम करणाऱ्याला फुलर म्हणत. लेकीच्या वर्गात एखादा वॉकर असेलच, त्याला विचारायला सांगा, बहुतेक त्यालाच माहीत नसेल.