एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करताना 'मी समाजकार्यकर्ता आहे' असं आतून कधी वाटायला लागतं?

तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात, नेमाने फील्डवर्कला जाता आणि तरी आपण 'प्रोफेशनल' वाटत नाही, म्हणता. मला तर वर्षभर कुणी 'समाजसेविका' म्हटलं की ओशाळल्यासारखं व्हायचं. आमच्या काकांच्या नावाआधी फ्लेक्सवर 'समाजसेवक' लागतं. दर जूनमध्ये वह्या वाटतात. माझ्या ॲडमिशनचा पेढा तोंडात असतानाच त्यांनी विचारलं होतं, "सेवा करायला डिग्री कशाला लागते गं?"

2014 साली माझं फील्डवर्कचं प्लेसमेंट सरकारी रुग्णालयात होतं. वॉर्डात बावीसेक वर्षांची एक बाई, हृदयाची झडप निकामी झालेली. ऑपरेशन सरकारच्या मोफत उपचारांच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत बसत होतं. नवऱ्याकडे केशरी रेशनकार्डही होतं, पण लग्नानंतर त्यावर हिचं नाव चढवायचं राहून गेलेलं. रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राने कागद परत केले. मी काय केलं? बाहेरून लिहून दिलेली 640 रुपयांची औषधं पदरच्या पैशांनी आणली आणि त्यावर अडीच पानी रेकॉर्डिंग, म्हणजे फील्डवर्कचा अहवाल, लिहिलं. आयसीला (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, मार्गदर्शकाशी एकेकट्याची बैठक) माझ्या फील्डवर्कच्या मॅडमनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "नवऱ्याच्या कार्डावर नाव नाही, मग कुणाच्या कार्डावर आहे?"

मी विचारलंच नव्हतं. नाव माहेरच्या कार्डावर होतं, उदगीरजवळच्या गावात. तेही केशरी. ओळखपत्रही माहेरच्याच नावाचं. कागद जुळले, नवरा बिथरला. "सासऱ्याच्या कार्डावर बायकोचं ऑपरेशन? गावात तोंड कसं दाखवू?" मी त्याला दोनदा स्त्रियांच्या हक्कांवर भाषण दिलं. (पहिल्या सेमिस्टरचं सगळं ताजं होतं.) तिसऱ्यांदा कॅन्टीनच्या पायरीवर नुसती बसले. तेव्हा तो बोलला: मांडवाचा खर्च सासऱ्याने केला होता आणि तो चारचौघांत बोलून दाखवला होता. त्याला विचारूनच मी त्याच्या सासऱ्यांना फोन लावला. म्हटलं, कार्ड पाठवा, आणि मांडवाचा विषय इथे कुणी काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा रात्रीच्या एसटीने आला. कार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, वर रबरबँड.

त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे माझं काम. 640 रुपये काकांनीही दिले असते, कदाचित हजार दिले असते. पण माहेरचं कार्ड त्यांनी विचारलं नसतं आणि पायरीवर गप्प तर मुळीच बसले नसते.

ॲप्रन, आयकार्ड, ओरिएंटेशन कॅम्पमधली गाणी यांनी काही होत नाही. वकिलाला सनद मिळते, आपल्याला तसं काही मिळत नाही. 1936 साली मुंबईत टाटांच्या ट्रस्टने या शिक्षणाची संस्था काढली, तरी अजून घरोघरी विचारतात, म्हणजे नक्की करता काय? 2021च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांचा उल्लेख आला, पण त्याची वाट बघत बसू नका. सीनियरचं रेकॉर्डिंग उतरवणं आजच बंद करा. आपण कुठे चुकलो ते त्यात लिहा, तेवढंच कामाला येतं. आणि नातेवाइकांना 'सेवा' आणि 'काम' यांतला फरक समजावत बसू नका. मी सहा दिवाळ्या घालवल्या त्यात.

आता हेही सांगायला हवं की सगळ्यांना तशा मॅडम मिळत नाहीत. दुसऱ्या वर्षी मला मिळालेले सर फक्त हजेरी बघून सही करायचे. शिवाय रुग्णालयात कामाचा परिणाम लवकर दिसतो, वस्तीत दोन वर्षांत काहीच हलत नाही. तुम्ही वस्तीत असाल तर माझं अर्धं उत्तर बाद समजा. आणि हो, माझी पहिल्या वर्षाची फी काकांनीच भरली होती.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. कुणा ओळखीच्यासाठी धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी राखीव असलेल्या 10 टक्के मोफत खाटांपैकी एक हवी होती. मी म्हटलं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आहे का? म्हणाले, "ते होईल गं, तू आधी शब्द टाक."

"काका, आधी दाखला."