“मॅडम, माझं एकही प्रोजेक्ट पूर्ण का होत नाही?”

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न मी आता इतक्यांकडून ऐकलाय की एकदा सविस्तर लिहूनच टाकते. विचारणारा साधारण अठ्ठावीस ते पस्तीसचा असतो, पुण्यात हिंजवडी नाहीतर खराडीला आयटीत, पगार चांगला, घरचे खूश, ऑफिसचं काम वेळेत होतं. मग बिघडलंय कुठे? तर शनिवारी उत्साहात सुरू केलेलं स्वतःचं अ‍ॅप, स्वतःचा छोटा गेम, काहीतरी स्वतःचं, ते तीन आठवड्यात थंड पडतं, मग गेम खेळण्यात नाहीतर सिनेमे बघण्यात सुट्टी जाते आणि रविवारी रात्री स्वतःचाच भयंकर राग येतो. मी आळशी आहे का, मला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, आहे का (रील्स बघून हा प्रश्न हल्ली फारच वाढलाय), आणि एआय पाच मिनिटात अ‍ॅप लिहून देतंय तर मी कोण असंही आता त्यात आलंय.

एडीएचडीचं आधी सांगून टाकते. त्याची लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात आणि ती फक्त हौसेच्या कामात नाही तर शाळा, घर, ऑफिस अशा एकाहून जास्त ठिकाणी नडतात. तसं वाटलं तर मी सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. पण या प्रश्नाने येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं वेगळं असतं.

निखिलचं सांगते. नाव आणि बरेचसे तपशील बदललेत, लिहायला त्याची हरकत नाही. मी पहिल्यांदा अहोजाहो करत होते तर म्हणाला मॅडम तू म्हणा, अहोजाहो ऐकलं की परफॉर्मन्स रिव्ह्यू चाललाय असं वाटतं. एकतिशीतला मुलगा, बोलका, हुशार. बायकोने ढकललं म्हणून आला होता, तिच्या मते त्याला गेमचं व्यसन होतं.

लॅपटॉप घेऊनच आला. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, सगळे अर्धवट प्रोजेक्ट ओळीने दाखवले, जणू मी आता पंचनामा करणार आहे. एसटीच्या वेळापत्रकाचं अ‍ॅप, मराठी शब्दांचा एक गेम, अजून बरंच काही, आणि तीन डोमेन नावं (वेबसाइटचे पत्ते) ज्यांचे पैसे तो दरवर्षी भरत होता कारण सोडून दिली तर “हरल्यासारखं” वाटतं. सगळ्यात जिवाभावाचं होतं सिनेमाच्या डायरीचं अ‍ॅप. त्याचे वडील बँकेतून रिटायर झालेले, साताऱ्याला असतात, तरुणपणापासून बघितलेला प्रत्येक सिनेमा वहीत लिहितात, थिएटर कुठलं, तिकीट किती, सोबत कोण. त्या वह्यांसाठी अ‍ॅप करायचं होतं.

“मग कुठपर्यंत आलंय?”

“लॉगिन झालंय. डार्क मोड झालाय. आधी रिअ‍ॅक्टमध्ये होतं, मग फ्लटरमध्ये परत लिहिलं.”

“आणि सिनेमा कुठे लिहायचा?”

तो हसला. “ते राहिलंय.”

ही दोन्ही कोड लिहायची साधनं म्हणे, मला यातलं फार कळत नाही पण एवढं कळलं की मुख्य दार सोडून बाकी सगळ्या खिडक्यांना रंग लावून झाला होता. सिनेमा लिहायची जागा केली असती तर वडिलांना दाखवावं लागलं असतं, आणि दाखवलं की ते चांगलं आहे की टुकार ते ठरणार. डार्क मोडवर कुणी काही ठरवत नाही.

गेमचं व्यसन आहे का तेही नीट बघितलं. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतलाय, ती यादी २०२२ पासून लागू आहे, पण तिथे नुसते तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर चालू असणं असं सगळं बघतात. निखिल ऑफिसला वेळेवर जात होता, झोपत होता, जेवत होता. त्याचा प्रॉब्लेम असा की तो खेळतानाही मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होता, म्हणजे ना काम झालं ना खेळ झाला.

त्याच्याकडे मोठ्या माणसांची एक यादी पण होती, अशा प्रत्येकाकडे असते. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने केला, चित्रं, संगीत, कोड, गोष्ट सगळं एकट्याने, चार वर्षांहून जास्त बसला आणि २०१६ मध्ये बाहेर काढला, आणि मी बघा. मी घरी जाऊन त्याबद्दल वाचलं (क्लायंटचं जग समजून घ्यायला मला आवडतं, माझे सहकारी हसतात) आणि पुढच्या वेळी विचारलं, त्या काळात त्याला फुलटाइम नोकरी होती का? नव्हती, एका थिएटरमध्ये पार्टटाइम काम करायचा आणि घरखर्चाचा बराच भार मैत्रिणीवर होता. तू दिवसभर दुसऱ्याचा कोड लिहून, वाकडच्या ट्रॅफिकमधून घरी येऊन, उरलेल्या दीड तासात त्याच्याशी शर्यत लावतोस आणि वर हरलो म्हणून रडतोस. पटलं त्याला, पण नुसतं डोक्याने. पोटात उतरलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसतं.

उतरलं ते एका वेगळ्याच बोलण्यात, आणि तो प्रसंग मी अजून बऱ्याच जणांना सांगते. त्या दिवशी तो सेलेस्टे नावाच्या गेमबद्दल बोलत होता. एक मुलगी डोंगर चढते, उड्या मारत, काटे चुकवत, आणि फार अवघड आहे म्हणे. मी सहज विचारलं, किती वेळा मेलास?

“दोन हजारच्या वर. गेमच मोजून दाखवतो शेवटी.”

“दोन हजार! मग सोडून नाही दिलास?”

“सोडायचा कशाला? मेलो की लगेच त्याच खोलीत परत सुरू होतं. प्रत्येक वेळी कळतं ना उडी कुठे चुकली.”

“मेलास की स्वतःला काय म्हणतोस?”

“काहीच नाही म्हणत. परत उडी मारतो.”

“आणि अ‍ॅपमध्ये एरर आला, दोन तास सुटला नाही, तेव्हा?”

यावर तो गप्प बसला. मीही बसले. नवीन समुपदेशकांना मी नेहमी सांगते की ही शांतता भरायची घाई करू नका. बऱ्याच वेळाने म्हणाला, “तेव्हा म्हणतो की तुझ्याच्याने काही होणार नाही. तू ऑफिसात दुसऱ्यांच्या तक्रारींची तिकिटं बंद करायच्याच लायकीचा.”

तोच माणूस, तीच बोटं, तोच चिवटपणा. एका ठिकाणी दोन हजार वेळा पडून स्वतःबद्दल एक वाकडा शब्द नाही आणि दुसऱ्या ठिकाणी दोन तासात आयुष्याचा निकाल. म्हणजे चिकाटी नाही हे निदानच खोटं ठरलं. चिकाटी भरपूर होती, फक्त प्रोजेक्टच्या गळ्यात त्याने स्वतःची किंमत बांधून ठेवली होती. प्रोजेक्ट झालं तर मी कुणीतरी, नाही झालं तर मी कुणीच नाही. एवढं पणाला लावून बसलेला माणूस शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडेल कशाला, तो गेमच उघडणार आणि त्याला आळस म्हणता येत नाही.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी आहे हे लपवत नाही. १९५५ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये त्याने ही पद्धत मांडायला सुरुवात केली आणि आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ती मराठीत आणली, विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून. प्रसंग त्रास देतो त्याहून जास्त त्याबद्दलचा आपला हट्ट त्रास देतो, मला हे जमलंच पाहिजे आणि लोकांनी वाखाणलंच पाहिजे, हा हट्ट. इच्छा ठेवा, भरपूर ठेवा, फक्त तिचा हुकूम करू नका. आणि हे नुसतं पटून भागत नाही, करून बघावं लागतं, म्हणून मी गृहपाठ देते. एलिस स्वतः एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा, तर त्याने ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभरात शंभर जणींशी बोलून बघितलं. एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली, असं तोच सांगायचा. निखिलला हा किस्सा इतका आवडला की म्हणाला हे म्हणजे डेथ काउंटरच झालं!

त्याचा गृहपाठ असा होता. सिनेमाच्या अ‍ॅपमधलं लॉगिन, डार्क मोड सगळं काढायचं, एकच पान ठेवायचं, सिनेमाचं नाव, थिएटर, तिकीट, सोबत कोण. आणि आहे तसं ओबडधोबड वडिलांना आणि कॉलेजच्या ग्रुपवर पाठवायचं, “अजून बरंच बाकी आहे हां” वगैरे एकही सबब न जोडता. सबबीवरून आमची बरीच घासाघीस झाली, त्याला निदान एक स्मायली तरी हवी होती. मी दिली नाही.

सेलेस्टेमध्ये वाटेत स्ट्रॉबेऱ्या असतात, त्या गोळा नाही केल्या तरी डोंगर चढून होतो हे त्यानेच मला सांगितलं होतं. मग आमच्यात ती भाषाच झाली, हे डोंगर आहे की स्ट्रॉबेरी? डार्क मोड स्ट्रॉबेरी, फ्लटर स्ट्रॉबेरी. आणखी एक त्यानेच शोधून आणलं की तो अख्खा गेम आधी चार दिवसात केलेला एक चिमुकला गेम होता, मोठा गेम २०१८ मध्ये आला आणि तो जुना चिमुकला त्यात लपवून ठेवलाय, खेळता पण येतो. म्हणजे करणाऱ्यांना आपल्या ओबडधोबड पहिल्या प्रयत्नाची लाज वाटली नाही, हे त्याचं वाक्य, माझं नाही.

पाठवलं त्याने. ग्रुपवर दोघांनी अंगठा दिला, एकाने विचारलं हे एक्सेलमध्ये होत नाही का, आणि पुढे क्रिकेटच्या गप्पा सुरू झाल्या. निखिल म्हणाला, “मॅडम, कुणाला काही पडलेलीच नाहीये.” हे तो निराश होऊन नाही, सुटल्यासारखा म्हणाला. वडिलांनी मात्र फोन करून थिएटरच्या नावातल्या शुद्धलेखनाच्या चुका सांगितल्या आणि ते अजून वहीतच लिहितात. टाइप निखिल करतो, रविवारी फोनवर, वडील वाचून दाखवतात आणि एकेका सिनेमावर अर्धा अर्धा तास बोलतात.

डोमेनं त्याने सोडून दिली. एसटीचं अ‍ॅप बंद केलं. बंद करणं हाही एक निर्णय असतो आणि तो घेतलेला चांगला, अर्धवट लटकत ठेवलेली गोष्ट रोज थोडं थोडं खाते. शब्दांचा गेम ठेवलाय, मजा म्हणून, कधी होईल माहीत नाही म्हणतो. एआयकडून कोड लिहून घेतो आता, आधी त्यालाही कमीपणा वाटायचा.

तुमचं असंच असेल तर आधी प्रत्येक प्रोजेक्टपुढे लिहा की हे कुणासाठी आहे. एका खऱ्या माणसाचं नाव आलं पाहिजे, स्वतःचं चालेल, “लोक” आणि “लिंक्डइन” चालणार नाही. नाव येत नसेल ते बंद करा. मग एरर आल्यावर स्वतःला काय बोलता ते जसंच्या तसं कागदावर उतरवा आणि तेच वाक्य ऑफिसमधल्या ज्युनियरला बोलाल का बघा. आणि खेळायचं असेल तर ठरवून, वेळ लावून, मनापासून खेळा, खेळताना स्वतःला शिव्या बंद.

घरच्यांसाठी, विशेषतः बायकांसाठी आणि आईवडिलांसाठी. “झालं का तुझं ते अ‍ॅप?” हे विचारू नका. “दाखव की काय केलंयस” म्हणा, आणि दाखवलं की दोन मिनिटं खरंच बघा. निखिलच्या बायकोने हे सुरू केलं, गेमच्या बाबतीतही, परवा तिने स्वतः सेलेस्टे खेळून बघितला आणि पहिल्याच टप्प्यावर वैतागून कंट्रोलर ठेवून दिला. पण झोप उडालीय, भूक गेलीय, कशातच रस उरला नाही, अगदी गेममध्येही नाही, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर तो साइड प्रोजेक्टचा विषय नव्हे. तेव्हा डॉक्टर गाठा, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कुठल्याही वेळी लावा, मराठीत बोलता येतं.