डिजिटल गुन्हे तपास, डेटा संरक्षण आणि मानवी हक्क यांवर पीएचडी करायची आहे. विषय कसा आखावा?

एवढा पसारा एका प्रबंधात मावणार नाही. तपासातली एकच कृती धरा, उदा. जप्त केलेला फोन उघडणं. युरोप निवडलात तर एक नेहमीची चूक टाळा: गुन्हे तपासासाठी पोलिसांनी वापरलेल्या डेटाला जीडीपीआर (युरोपीय संघाचा सर्वसाधारण डेटा संरक्षण कायदा) नव्हे, संघाचाच २०१६/६८० हा निर्देश लागू होतो. मग युरोपीय संघाच्या न्यायालयाचा ४ ऑक्टोबर २०२४ चा निकाल (सी-५४८/२१) वाचा. फोन तपासणं फक्त गंभीर गुन्ह्यांपुरतं नाही, पण तातडी नसेल तर न्यायालयाची किंवा स्वतंत्र यंत्रणेची पूर्वपरवानगी हवी, असं तो सांगतो. खरी गोम पुढे आहे: परवानगी एका गुन्ह्यासाठी, प्रत मात्र बहुधा अख्ख्या फोनची. उरलेल्या डेटाचं काय होतं? हा प्रश्न प्रबंधाला पुरून उरेल. पोलिसांच्या मुलाखती घेणार असाल तर परवानग्यांचे अर्ज पहिल्याच वर्षी टाका. त्या फार रेंगाळतात.