उबंटू सुरू व्हायला दीड मिनिट का लागतं?

सोलापुरात चादरीच्या दुकानातला पीसी रोज बरोबर दीड मिनिट अडतो, म्हणता. हा 'बरोबर' शब्दच महत्त्वाचा. डिस्क सापडली नाही तर सिस्टमडी, म्हणजे उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम, ९० सेकंद वाट बघतं. हिशेबाची जुनी हार्ड डिस्क काढून ठेवलीत का? तिची ओळ ईटीसी डिरेक्टरीतल्या एफएसटॅब फाइलमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, अजून असणार. आधी फाइलची कॉपी ठेवा, मग त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाका, म्हणजे ती ओळ वाचलीच जाणार नाही. डिस्क कधीमधी लावत असाल तर ओळ राहू द्या, त्या ओळीतल्या पर्यायांत फक्त 'नोफेल' जोडा, म्हणजे डिस्क नसली तरी पीसी अडणार नाही. चाटी गल्लीतल्या आमच्या दुकानातही हाच घोळ होता. मी उगाच रॅम वाढवली!

तरी अडलं, तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम' चालवा, वेळखाऊ सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम, वरच दिसतील.